झाडण

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी घरमालक व्यासराजराव जिना उतरून दुकानात आले. रोज ते भट्टीजवळच्या स्टुलावर बसत आणि माझ्या हातची कॉफी घेत. त्या दिवशी उभेच राहिले आणि ह्यांना म्हणाले,

"बयाजी, ही इमारत बिल्डराला देऊन टाकलें. फागुणांत पाडणार. मी लेकीकडे बंगळूरास जातों. तुमी जागा खाली करून द्या. सरी?"

आमच्या ह्यांच्या चिमट्यात मूस होती. ती तांबडीलाल झालेली. त्यांनी सोनं साच्यात ओतलं, मूस वाळूत ठेवली, चिमटा भिंतीला टेकवला. मग खोकला आला. तो संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.

"देतो की," हे म्हणाले. "पर भुई माझी."

"काय?"

"खालची भुई. खणून नेणार."

व्यासराजराव हसले. आमच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू गेलं. "जागा माझी. भुई माझी. भुईंत जें आहे तें पण माझेंच की."

"आत हाय ती माझी चव्वेचाळीस वर्सं हायती," हे म्हणाले.

आमचा धंदा गलाईचा. जुनं सोनं आटवायचं, तेजाबात घालून चांदी-तांबं वेगळं काढायचं, शुद्ध करून सोनाराला द्यायचं. आटपाडीकडच्या आमच्या मुलखातली निम्मी माणसं हेच करायला देशभर पांगलेली. आमचे हे बहात्तरच्या दुष्काळात सतराव्या वर्षी मद्रासला आले. आधी चुलत्याच्या दुकानात भाता मारला, मग सैदापेटेत हे दुकान घातलं, मागं राहायची खोली. मी लग्न होऊन आले तेव्हा अठराची होते. इथली भाषा कळत नव्हती, भाताशिवाय काही मिळत नव्हतं. गावाकडनं ट्रंकेत आणलेली ज्वारी मी मूठमूठ पुरवून वापरायची. तीही दिवाळीपर्यंतच टिकली.

चुलतसासऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी झाडू हातात देऊन शिकवलं. गलाईच्या दुकानात उंबऱ्याकडून आत झाडायचं. केर बाहेर जाऊ द्यायचा नाही. फुंकताना, ओतताना, घासताना डोळ्याला न दिसणारं सोनं उडतं, ते खाली बसतं. तो केर म्हणजे झाडण. ते पिंपात साठवायचं, दिवाळीला जाळून धुऊन त्यातलं सोनं काढायचं. दुकानातून निघताना पाय घंगाळात धुवायचे, ते पाणीही ठेवायचं. झाडू झिजला की जाळून त्याची राख झाडणात. चव्वेचाळीस वर्षं मी उलटं झाडलं. अजून कुणाच्या घरी गेले आणि झाडू हातात आला तर मी केर आतच ओढते. सूनबाई क्षमा हसते मला.

झाडण दर वर्षी निघतं. पण भुईत जे मुरतं ते निघत नाही. ते दुकान मोडतानाच, एकदाच. त्या सोन्याचा ह्यांनी नवस केलेला होता. गाव सोडताना आमच्या यमाईच्या देवळात, सगळ्या गावासमोर म्हणाले होते, "दुकान मोडून परत यीन तवा भुईच्या सोन्याचं डोळं घालीन आईला." यमाईला चांदीचे डोळे आहेत, कुणीतरी फार मागं दिलेले, झिजून काचेसारखे झालेले. दर यात्रेला म्हातारी माणसं ह्यांना विचारायची, "बयाजी, डोळं कवा?" हे म्हणायचे, "दुकान मोडू द्या की."

आणि आता डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं की तेजाबाच्या वाफेनं ह्यांची छाती जाळीसारखी झालीय. उन्हाळा निघेल असं धरून चालू नका. चैत्रात यात्रा होती. ह्यांचं एकच मागणं होतं. यात्रेला डोळे घेऊन गावी जायचं, आणि मग तिथंच राहायचं. बांधलेलं घर होतं तिथं, कुलूप लावलेलं. विकतचं सोनं चालणार नव्हतं. रिकाम्या हातानं तर ते उंबरा ओलांडणार नव्हते.

मला एक गोष्ट माहीत होती. ती मी दहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

*

चार दिवस घासाघीस चालली. व्यासराजरावांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर आलेले, तीनशे वर्षांपूर्वी. आम्ही त्यांच्या लेखी काल आलेले. "आमी तर इथलेच होऊन गेलों," ते म्हणायचे, "तुमचें मन अजून गाडींतच." पण माणूस वाईट नव्हता. त्यांची बायको गेली तेव्हा सहा महिने त्यांचं दोन वेळचं जेवण माझ्या हातचं होतं. शेवटी ठरलं की आम्ही तीन दिवसांत खणायचं, गच्चीवर धुवायचं, जे निघेल त्यातलं अर्धं त्यांचं. आणि खणताना त्यांचा पुतण्या श्रीवत्स समोर बसणार.

"बसू दे," हे म्हणाले. "पोरगं काय तरी शिकंल."

पोरगं म्हणजे चाळिशीचा गडी. गिंडीच्या एका कारखान्यात हिशेबनीस होता, रजा टाकून आला. मराठी समजायची त्याला, बोलायला तमिळ किंवा इंग्रजी. प्लास्टिकची खुर्ची उंबऱ्यात घालून तो बसला.

आम्ही मकरंदला फोन केला. आमचा एकुलता मुलगा, इथंच मद्रासात पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

"बाबा, ह्या शनिवार-रविवारी मला हलताच येणार नाही. मायग्रेशन आहे."

"कुणाचं?"

"एका बँकेचं. तिचा सगळा डेटा जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर न्यायचाय. दोन दिवस बँक बंद, त्यातच उरकायचं."

"मग आमचं बी त्येच चाललंय," हे म्हणाले. "नेताना तुमचं काय सांडतं का रं?"

"नाही हो. आधी सगळ्याची कॉपी करून ठेवतो. मग इकडचं तिकडचं मोजून बघतो. एक जरी कमी भरलं तरी परत पहिल्यापासून."

"ब्येस हाय," हे म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ पहारीच्या टोकावर बोट फिरवत बसले.

*

शनिवारी सकाळी सातला पहिली पहार पडली. एक गडी लावला होता, पण पहिला घाव ह्यांनीच घातला. दुसऱ्या घावाला दम लागला, खाली बसले. मी पहार घेतली.

वरचा सिमेंटचा थर पातळ, दोन बोटांचा. तो खपल्यासारखा उडाला. खाली जुनी तांबडी भुई. ती कुठं कुठं होती, कुठं कुठं नव्हतीच. मी मान वर केली नाही. हे भिंतीला टेकून बघत होते.

तो वरचा थर मी घालून घेतला होता.

दोन हजार पंधराच्या पुरात हे गावाला होते, चुलतभावाच्या दहाव्याला. मकरंद तेव्हा पुण्याला. एक डिसेंबरला रात्रभर पाऊस झाला, अड्यार नदी फुगली आणि पहाटे आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी. मी व्यासराजरावांकडे वरच्या मजल्यावर दोन दिवस होते. फोन बंद, दिवे बंद. जिन्याच्या पायऱ्या मोजून पाणी किती चढलं ते बघायचं. तिसऱ्या दिवशी ओसरलं आणि मी दुकान उघडलं. गुडघाभर काळा चिखल. गटाराचा, नदीचा, त्यात मेलेली घूस. झाडणाची दोन्ही पिंपं आडवी झालेली, तीन वर्षं धुवायचं राहून गेलेलं झाडण त्या चिखलात मिसळलेलं.

दुपारी पोरं-पोरी आल्या, कुठल्या कुठल्या कॉलेजातल्या. अनवाणी. हातात खोरी. "आम्मा, तुम्ही बसा," म्हणाल्या. मला त्यांनी ब्रेड दिला, एकीनं माझे पाय पुसले. आणि चिखल ओढायला सुरुवात केली. उंबऱ्याबाहेर.

मी म्हणायला हवं होतं, थांबा, राहू दे. पण काय सांगणार होते? ह्या घाणीत सोनं आहे? त्या घाणीत हात घालून माझं घर उपसणाऱ्या पोरांना हे सांगायचं? आणि गल्लीत उपाशी माणसं उभी होती, ऐकलं असतं तर काय झालं असतं? मी ब्रेड हातात धरून बसले. तेजाबानं पोखरलेली भुई पाण्यानं भिजून भाकरीच्या चुऱ्यासारखी झाली होती. खोऱ्याबरोबर तीही खरवडून गेली. कचऱ्याच्या गाडीत भरली आणि गाडी गेली.

हे नवव्या दिवशी आले, रेल्वे सुरू झाल्यावर. तोवर मी गवंडी बोलावून वरून सिमेंट फिरवून घेतलं होतं. दारात उभं राहून त्यांनी भुई बघितली, भिंतीवरची पाण्याची रेघ बघितली. म्हणाले, "चांगलं केलंस." तेवढंच. मला वाटलं, सुटले.

*

तुकडे घमेल्यात भरून गच्चीवर न्यायचे. दोन जिने. गडी घमेली न्यायचा, मी बादल्या. दर खेपेला श्रीवत्स उठून मोजायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा. दुपारी आम्ही डबा उघडला तर तो जवळ आला.

"प्लीज," म्हणाला आणि बोटानं भाकरी उचलून खाली बघितलं.

"पिठल्यात बी बोट घाल," हे म्हणाले. "आणि हे बघ, दात. एक बी सोन्याचा न्हाय."

त्याचे कान लाल झाले. पण संध्याकाळी मी उंबऱ्याबाहेर पडताना त्यानं हात आडवा केला. "आम्मा, साडी." मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी पदर सोडून झटकला, निऱ्या झटकल्या. लाल धूळ उडाली आणि त्याच्या खुर्चीवर बसली. बासष्ट वर्षांच्या बाईनं नातवाएवढ्या नाही पण मुलाएवढ्या माणसासमोर निऱ्या झटकायच्या. जिन्यात व्यासराजराव उभे होते. त्यांनी पाहिलं आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

दुसरा दिवस कुटण्यात गेला. खलबत्त्यात, मग चाळणीत, पुन्हा खलबत्त्यात. उन्हानं गच्ची तापलेली. हे छत्री लावून परातीशी बसले आणि धुवायला लागले. परात अशी हलवायची की हलकी माती पाण्याबरोबर काठावरून जावी आणि जड तळाशी राहावं. ह्यांच्या मनगटाला हे इतकं माहीत होतं की खोकला आला तरी मनगट थांबत नव्हतं. सगळं अंग हलायचं, परात आपल्या तालात. काळा गाळ तळाशी राहिला की तो वेगळ्या वाडग्यात. मी पाणी ओतत होते आणि वाडग्याकडे बघत होते. वाडगा भरत नव्हता.

"भुईत न्हाय निघालं तर डॉक्टरला सांग," हे म्हणाले, "हितनं काढा म्हणावं." आणि छातीवर थापटलं. गडी हसला. मी हसले नाही.

"हसावं की गं."

"पाणी ओतू का आणखी?"

"ओत."

तिसऱ्या दिवशी गाळात पारा घालून चोळला. पारा सोनं धरतो. मग तो गोळा कापडातून पिळायचा आणि विस्तवावर ठेवायचा. पारा उडतो, सोनं राहतं. हे काम ह्यांनी करायचं नव्हतं, डॉक्टरांनी वाफेपाशी जायलाच मनाई केली होती. मी म्हटलं, गड्याला करू दे. त्यांनी ऐकलं नाही. तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसले. तेजाब घातलं, पिवळा धूर आला, चांदी विरघळली. मग टाकणखार घालून मुशीत आटवलं. शेवटचं आटवणं म्हणून व्यासराजराव वर आले. श्रीवत्सही फोन खिशात घालून जवळ आला.

मूस उलटी केली. साच्यात गोळी पडली. ह्यांनी चिमट्यानं उचलून तळहातावर घेतली.

हरभऱ्याच्या डाळीएवढी होती. अर्धी डाळ.

खाली गल्लीत फुलवाली ओरडत होती. ह्यांनी काटा मागितला, तोलली.

"मासाभर," म्हणाले. "एका डोळ्यापुरती."

व्यासराजरावांनी गोळीकडे पाहिलं, मग गच्चीभर पसरलेल्या लाल मातीकडे. "अय्यो, बयाजी. एवढ्यासाठीं?" खिशात हात घालून उभे राहिले. मग म्हणाले, "माझें अर्धें नको. ठेवा तुमी."

ह्यांची मान तेव्हा खाली गेली. तीन दिवसांत पहिल्यांदा. अर्धं मागितलं असतं तर बरं झालं असतं.

*

दुकान सोडून आम्ही पेरुंगुडीला मकरंदकडे गेलो. पाचव्या मजल्यावर घर. बाल्कनीतून पळ्ळीकरणैची दलदल दिसते आणि तिच्या कडेला शहराच्या कचऱ्याचा डोंगर. वारा फिरला की क्षमा खिडक्या लावते. हे मात्र सकाळपासून बाल्कनीत. नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर कापडाची पुरचुंडी, तिच्यात गोळी.

माघाचे दिवस. दलदलीत पाखरं उतरलेली, हजारानं. त्यात लांब तंगड्यांची, गुलाबी पंखांची. खालचा वॉचमन सुंदर लिफ्ट बंद असली की वर दूध आणून द्यायचा. तो म्हणाला की ही पाखरं पार कच्छाकडून येतात, उन्हाळा लागला की परत जातात.

"कच्छातनं?" हे मला म्हणाले. "मग मधल्या वाटंत आपलं तळं लागत आसंल. मी बारका हुतो तवा बघितलीती तिथं."

"तीच असतील."

"तीच कशाला आस्तील. त्येंची नातवंडं."

गावाकडून पुतण्याचा फोन आला होता. ग्रामपंचायतीच्या यादीत आमच्या घरापुढं 'कायम स्थलांतरित' असा शेरा मारलाय, कागदपत्रं घेऊन या म्हणाला. मी ह्यांना सांगितलं नाही. सांगायच्या गोष्टी आधीच तुंबलेल्या होत्या.

कचऱ्याच्या डोंगरावर यंत्रं चालत. जुना कचरा उपसून मोठाल्या फिरत्या जाळ्यांतून चाळत. माती वेगळी, प्लास्टिक वेगळं. ते काम बघण्यात ह्यांचा दिवस जायचा.

"जाळी मोठी हाय," एकदा म्हणाले. "बारीक समदं खाली पडतंय. खालची माती धुवायला पायजे."

माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. मी तशीच बाल्कनीत गेले.

"अहो."

"काय?"

"पुरातला चिखल मी बाहेर जाऊ दिला. झाडणाची पिंपं, भुईची खरवड, सगळं. त्या गाडीनं इथंच आणून टाकलं असेल. सैदापेटेच्या गाड्या इथंच येतात."

ते यंत्राकडेच बघत होते.

"पोरं आली होती काढायला. मला थांबवता आलं नाही. आणि वरून सिमेंट मी घातलं. तुम्हाला कळू नये म्हणून."

"मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"आलो त्याच दिशी. झाडू उंबऱ्याच्या भाईर उभा हुता."

माझ्या हाताचं पीठ वाळायला लागलं होतं. मी ते बोटांनी सोलत राहिले.

"मग दहा वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? नऊ दिस तुझा फोन लागत नव्हता. मी दारात आलो तवा तू आतनं आलीस." त्यांनी श्वास घेतला. नळीतून हवा सूं करत गेली. "भुईच्या फटीत काय तरी राह्यलं आसंल म्हणलं. दोन डोळ्यांपुरतं तरी."

"माझ्या पाटल्यातलं घालू. देवीला काय कळणार आहे?"

"तिला न्हाय कळायचं. मला कळंल की." मग पुरचुंडी माझ्याकडं केली. "यात्रंला तू घिऊन जा."

"तुम्ही?"

"मी कशाला जातूय आता? निम्मं त्या ढिगात हाय. मी हितं बसतो."

फाल्गुन लागला तसं पाणी आटत गेलं आणि पाखरं कमी होत गेली. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर दलदल रिकामी होती. ह्यांनी ती पाहिली असेल की नाही, मला सांगता यायचं नाही. हात थंड होता आणि मान कचऱ्याच्या डोंगराकडे वळलेली. यंत्रं अजून सुरू व्हायची होती.

*

चैत्रात मी एकटी गेले. मकरंद येतो म्हणाला, मीच नको म्हटलं. गोळीचा पत्रा मी सैदापेटेतल्याच सोनाराकडून ठोकून घेतला होता, डोळ्याच्या आकाराचा. यात्रेला गाव भरलं होतं. कोचीन, कलकत्ता, राजकोट, सगळीकडची गलाईवाली माणसं आलेली. चार दिवस कुलपं निघतात, मग पुन्हा लागतात.

गुरवानं मेण ऊन करून यमाईचा उजवा चांदीचा डोळा काढला आणि तिथं सोन्याचा बसवला. दिव्याच्या उजेडात एक डोळा पिवळा चमकला आणि दुसरा तसाच राहिला, पांढरा, झिजलेला. मागं दाटी झाली होती. म्हाताऱ्या माणसांना नवस ठाऊक होता.

गुरवानं पुन्हा हात पुढं केला. "दुसरा, वैनी?"

"दुसरा मद्रासात राहिला."

तो थांबला. मागून कुणीतरी काही तरी विचारील म्हणून मी उभी राहिले. पण त्या गावात असं एक घर नव्हतं, ज्याचं काही ना काही कुठंतरी राहिलेलं नव्हतं. कुणीच काही विचारलं नाही. गुरवानं हात पुसला आणि आरतीचं ताट उचललं.